समाजी हसाजी आणि सॅम्युएल एझिकेल : बेने इस्रायल समाजाचा उत्कर्ष आणि त्याची नावे

परक्या भूमीत येऊन राहिलेला समाज तेथील लोकांत कसा मिसळतो आणि सामाजिक श्रेणीत वर कसा चढतो, या दोन प्रश्नांचा विचार बहुधा एकत्रच केला जातो. आणि तो करताना विचारवंतांच्या डोळ्यांपुढे उदाहरण असते ते अमेरिकेचे. वॉर्नर आणि स्रोल यांच्या १९४५ च्या ग्रंथापासून मिल्टन गॉर्डन यांच्या १९६४ च्या विवेचनापर्यंत या विषयाची जी परिभाषा घडत गेली, ती युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या अनुभवावर उभारलेली आहे. अलीकडे आब्रामित्झ्की, बूस्टन आणि एरिक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९२० व १९४० च्या अमेरिकन जनगणनांतील व्यक्तिनामे तपासून याच प्रश्नाला मोजमापाची जोड दिली. आईबापांना अमेरिकेत येऊन जितकी अधिक वर्षे झाली, तितकी त्यांनी मागाहून जन्मलेल्या मुलांना ठेवलेली नावे कमी परकी होत गेली, असे त्यांना आढळले. इतकेच नव्हे, तर सख्ख्या भावांतही ज्याचे नाव अधिक परके, त्याचे शिक्षण व मिळकत कमी, असे दिसले. मिसळणे आणि वर चढणे ही एकाच जिन्याची पायरी-पायरीने होणारी चढण होय, अशी समजूत या अभ्यासांमुळे दृढ होते.

कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास या समजुतीला सरळसरळ छेद देतो. हा समाज मराठी मुलुखात इतका मिसळला होता, की आपले मूळ त्याच्या स्वतःच्याही आठवणीत पुसट झाले होते. पण त्या काळी तो घाण्यावर तेल गाळणारा, गावगाड्याच्या कडेचा समाज होता. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो वर चढू लागला, आणि ज्या प्रमाणात वर चढला त्या प्रमाणात त्याची व्यक्तिनामे शेजाऱ्यांच्या नावांपासून दूर जाऊ लागली. आडनावे मात्र याच काळात अधिक मराठी झाली. ग्रांथिक मराठीशी त्याचा संबंधही याच काळात जडला. एकाच समाजाच्या भाषेतील तीन थर तीन दिशांनी जात असतील, तर 'सात्मीकरण' ही एकच पट्टी लावून त्याची मोजणी करता येणार नाही.

या समाजाच्या आगमनाची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते तेथेच पुरण्यात आली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या चौदा प्रेतांची, त्यांना परशुरामाने सजीव केल्याची चित्पावनांची कथा कोकणातच प्रचलित असावी, हा योगायोग नव्हे; कोणी कोणाकडून घेतले याचा वाद घालण्यापेक्षा, 'आम्ही समुद्रातून आलो' हे सांगण्याची कोकणातील एक ठरलेली रीत होती असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. आगमनाच्या काळाविषयी कथा काहीच सांगत नाही. हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, यावरून त्याचे पूर्वज इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आधीच निघाले असावेत असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. परंतु ज्या समाजाला इतर कित्येक सणांची कारणेही सांगता येत नव्हती, त्याच्या विस्मरणावरून कालनिर्णय करणे धोक्याचे आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशशास्त्रीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा या समाजात आढळल्या, व त्यांचा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी, झाल्याचे अनुमान निघाले. लेखी पुराव्याच्या दृष्टीने पाहता, १७३८ मध्ये सार्टोरिअस या मिशनऱ्याने केलेला उल्लेख हाच पहिला स्पष्ट उल्लेख मानला जातो.

अठराव्या शतकातील या समाजाचे चित्र असे. वस्ती अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या भागांतील गावोगाव विखुरलेली. धंदा तेल गाळण्याचा आणि थोड्या शेतीचा. घरची व बाहेरची भाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत, तर सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली 'सोमवार तेली'. हे नाव देताना गावाने त्यांना परके ठरविलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. शब्बाथ ही एका परधर्माची आज्ञा आहे असे न समजता गावाने ती एका पोटजातीची चाल समजून घेतली आणि तिला आठवड्याच्या वाराचे नाव देऊन आपल्या वर्गीकरणात बसविले. गावगाड्याची सामावून घेण्याची रीत ही अशी : तो परक्याला आपल्यासारखा करीत नाही, त्याला एक कप्पा देतो. त्या कप्प्यात समाज शतकानुशतके सुखरूप राहतो. परंतु कप्पा खालच्या फळीवरचा असेल तर तो तेथेच राहतो.

शब्बाथाखेरीज सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि 'शेमा' ही हिब्रू प्रार्थना एवढेच धन या समाजाने जपले होते. प्रत्येक विधीत, विधी कोणताही असो, तीच प्रार्थना म्हटली जाई. बाकीच्या धर्माला मराठी नावे मिळाली होती. वर्षारंभाला 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दारफाळणीचा सण', त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण', वल्हांडणाला 'अनशी ढाकण्याचा सण', मंदिराच्या विनाशाच्या स्मरणदिनाला 'बिरड्याचा रोजा'. पुरीम बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. या नावांत एक गोष्ट समान आहे. ती सणाचे कारण सांगत नाहीत. त्या दिवशी घरात काय करावयाचे किंवा काय खावयाचे तेवढेच सांगतात. दार लावून घ्यावयाचे, आंबवणाचे भांडे झाकावयाचे, वालाचे बिरडे करावयाचे. ग्रंथ हरवला, पुरोहित नव्हता, हिब्रू समजेनाशी झाली, तरी सण टिकले ते चुलीजवळ; आणि नावेही चुलीजवळचीच पडली. हा धर्म स्त्रियांनी टिकविला, असे या शब्दसंग्रहावरून म्हणता येते.

परंतु याच शब्दसंग्रहात दुसराही एक थर आहे, व त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. उपवासाला शब्द 'रोजा'. समाजाचा तंटा सोडविणारा व विधी चालविणारा तो 'काजी'. पुढे मुंबईत प्रार्थनामंदिर झाले तेव्हा त्याला म्हणत 'मशीद'. घर आणि खाद्यपदार्थ यांचे शब्द हिंदू शेजाऱ्यांकडचे, तर धर्मसंस्थेचे शब्द कोकणी मुसलमानांकडचे, अशी ही वाटणी आहे. ज्यांच्याकडे एकच ईश्वर, सुंता व लेखी धर्मशास्त्र आहे असे शेजारी मुसलमानच होते. संस्थेसाठी नाव हवे झाले, तेव्हा ते त्यांच्याकडून घेणे स्वाभाविक होते. म्हणून 'बेने इस्रायल हिंदूंत मिसळले' हे नेहमीचे विधान अपुरे आहे. ते दोन शेजाऱ्यांत मिसळले होते, आणि कोणाकडून काय घ्यावयाचे याची निवड अगदी सुसंगत होती. कोचीनहून येऊन या समाजाला धर्माची ओळख करून देणारा डेव्हिड राहाबी कोण आणि केव्हाचा, याविषयी मतभेद आहेत. काही जण त्याला अठराव्या शतकातील कोचीनचा व्यापारी मानतात. परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते. त्याने शिकवून तयार केलेल्या तीन शिष्यांच्या वंशाकडे जे पद गेले, त्याचे नावही 'काजी' हेच राहिले.

व्यक्तिनामांतही हे दोन थर दिसतात. बायबलमधील नावे या समाजाने सोडली नव्हती, पण त्यांचा उच्चार आणि घडण पार बदलली होती. अब्राहमचे अबाजी, आयझॅकचे इसाजी, सॅम्युएलचे समाजी, बेंजामिनचे बन्नाजी, एलायजाचे एलोजी, मोझेसचे मुसाजी, डेव्हिडचे दाऊदजी, एझिकेलचे हसाजी.  सर्वत्र घडण एकच आहे : मूळ नावाचे एक-दोन अक्षरांचे अंग घ्यावयाचे आणि त्याला '-जी' हा आदरार्थी प्रत्यय जोडावयाचा. त्यातून निघालेली काही रूपे मराठ्यांच्या प्रचलित नावांशी जुळती आहेत. अबाजीशेजारी आबाजी, इसाजीशेजारी येसाजी, हसाजीशेजारी हंसाजी उभा केला, तर बखरीतला कोणता आणि घाण्यावरचा कोणता हे नुसत्या नावावरून कळू नये. उलट मुसाजी आणि दाऊदजी यांचे अंग मुसलमानी वळणाचे, अरबीमार्गे आलेले आहे. प्रत्यय तेवढा मराठी.

'हसाजी' या रूपाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हिब्रूतील मूळ नाव 'येहेझकेल'. त्यातील 'ह' हा घशातून उच्चारला जाणारा घर्षक वर्ण. आरंभीचे 'ये' गेले, शेवटचा जोडाक्षरांचा भाग गेला, 'झ'चा 'स' झाला, आणि उरलेल्या 'हस' या अंगाला '-जी' लागला. ग्रीक व लॅटिन भाषांतरांत तो घशातला वर्ण नाहीसा झाला. त्या वाटेने इंग्रजीत आलेले 'एझिकेल' त्यामुळे 'ह'कारविरहित आहे. म्हणजे शिकलेल्या पिढीने जे रूप अडाणी व भ्रष्ट म्हणून टाकले, त्यात मूळ हिब्रूचा एक वर्ण जिवंत होता; आणि शुद्ध म्हणून जे घेतले त्यात तो नव्हता. भ्रष्ट-शुद्ध हा विवेक भाषेचा नसून प्रतिष्ठेचा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

उत्कर्षाचा आरंभ मुंबईत झाला. पहिले कुटुंब १७४६ मध्ये मुंबईस आले व ते दिवेकरांचे होते, असे या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी नमूद केले आहे. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, पण प्रसिद्ध झाला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. खेड्यातील तेल्यांना वर चढविले ते कंपनीच्या फौजेने. मुंबईच्या फौजेत पलटणी जातवार बांधलेल्या नव्हत्या. एकाच कंपनीत नाना जातींचे शिपाई असत आणि बढती बहुतांशी नोकरीच्या वर्षांवर मिळे. ज्या समाजाची संख्या काही हजारांच्या घरात होती, त्याला ही व्यवस्था फार अनुकूल ठरली. मोठ्या जातीच्या पाठबळावाचून एकटा मनुष्य सुभेदार होऊ शकत असे, आणि बेने इस्रायल आपल्या संख्येच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात सुभेदार, सुभेदार-मेजर झाले. गावगाड्यात जो कप्पा होता, तो पलटणीत नव्हता.

या पहिल्या पिढीचा प्रतिनिधी म्हणजे समाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेतील हा अंमलदार दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. सुटून परत आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर, 'शाआर हारहमीम' म्हणजे दयेचे द्वार, बांधविले. १८४३ मध्ये दुसरे मंदिर उभे राहिल्यावर समाज या पहिल्याला 'जुनी मशीद' व दुसऱ्याला 'नवी मशीद' म्हणू लागला. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगितले जाते. मंदिराजवळील रस्ता मात्र 'समाजी'च्या नव्हे तर 'सॅम्युएल'च्या नावाने ओळखला जाऊ लागला. इतिहासग्रंथांतही हाच पुरुष सॅम्युएल एझिकेल दिवेकर या नावाने वावरतो. जन्मभर ज्या नावाने त्याला हाक मारली गेली ते नाव त्याच्या वंशजांनी कंसात टाकले.

पण त्याच्या नावाचा तिसरा भाग, 'दिवेकर', मात्र अबाधित राहिला. गावनावाला '-कर' लावून केलेली केहीमकर, झिराडकर, राजपूरकर, चेऊलकर, रोहेकर, अष्टमकर, पेणकर, नवगावकर, तळकर, घोसाळकर ही आडनावे आज या समाजाची खूण मानली जातात. किहीममध्ये राहणाऱ्याला किहीममध्ये कोणी केहीमकर म्हणत नाही. गाव सुटल्यावरच गावाचे आडनाव लागते. तेव्हा या आडनावांचा प्रसार हा स्थलांतराचा परिणाम आहे, आणि पलटणीच्या व कचेरीच्या दप्तरांनी ती पक्की केली असे अनुमान करता येते. त्यांचे सामाजिक कार्यही ध्यानात घेण्यासारखे आहे. 'शनवार तेली' या नावात जातीखेरीज काहीच नव्हते. 'पेणकर' या आडनावात जातीखेरीज सर्व काही आहे. पेणकर ब्राह्मण असू शकतो, सोनार असू शकतो, बेने इस्रायल असू शकतो. मुंबईच्या गर्दीत जातिनामाच्या जागी ग्रामनाम येणे हीच एक बढती होती, आणि ती पूर्णपणे मराठी साधनाने मिळाली.

येथवरचा प्रवास एम्. एन्. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या कल्पनेत बसविता आला असता. कनिष्ठ जातीने वरिष्ठांचे आचार उचलावेत आणि दोन पिढ्यांनी वरच्या जागेचा दावा करावा, ही ती वाट. बेने इस्रायल या वाटेवर काही अंतर गेलेलेही दिसतात : गोमांस निषिद्ध मानणे आणि विधवाविवाह न करणे, या त्यांच्या जुन्या चाली तोराच्या आज्ञेतून आलेल्या नव्हेत. परंतु एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापुढे दुसरी वाट उघडली, व तिने पहिलीला मागे टाकले.

ती वाट उघडली ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत आणि पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळांत या समाजाची मुले मोठ्या संख्येने जाऊ लागली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, ते या समाजासाठीच. धर्मांतर फारसे झाले नाही. मिशनऱ्यांच्या दृष्टीने हा उद्योग आतबट्ट्याचा ठरला. समाजाला मात्र त्यातून हरवलेला ग्रंथ मिळाला, इंग्रजी मिळाली, आणि आपण एका जगप्रसिद्ध राष्ट्राचे वंशज आहोत ही ओळख मिळाली. या ओळखीची किंमत मुंबईत लगेच कळून येत होती. तेली म्हणून वर चढावयाचे तर वाण्या-ब्राह्मणांच्या मान्यतेची शतकभर वाट पाहावी लागली असती. 'बायबलमधल्या लोकां'ना साहेबाच्या लेखी एक स्थान आयतेच होते.

नावे बदलली ती या काळात. अबाजीच्या नातवाचे नाव अब्राहम पडू लागले, मुसाजीच्या नातवाचे मोझेस. हे नामांतर हिब्रूकडे परतणे नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तसे असते तर मोशे, श्मुएल, यित्झाक ही रूपे आली असती. आली ती इंग्रजी बायबलमधील रूपे, इंग्रजी उच्चारासह. धर्म हिब्रूचा, पण नाव शाळेच्या हजेरीपटातले. कित्येक घरांत दोन्ही रूपे काही काळ शेजारी नांदली असणार : कचेरीत सॅम्युएल, घरी समाजी. अमेरिकेतील इटालियन किंवा पोलिश कुटुंबातही असेच घडले. पण तेथे बाहेरचे नाव शेजाऱ्यांचे होते. येथे शेजारी मराठी बोलत होते, आणि नवे नाव त्यांना मुळीच जवळचे नव्हते. ते दूरच्या श्रोत्यासाठी होते.

हा श्रोता केवळ इंग्रज अधिकारी नव्हता. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले, आणि त्यांच्यामागून बगदादी ज्यूंचा धनिक वर्ग येथे वाढला. आरंभी दोन्ही समाज एकाच मंदिरात प्रार्थना करीत. पुढे बगदाद्यांची स्वतंत्र मंदिरे झाली; भायखळ्याचे 'मागेन डेव्हिड' १८६१ चे. युरोपीयांत गणना व्हावी ही या वर्गाची आकांक्षा असल्याने, मराठी बोलणारा, कोकणी दिसणारा धर्मबंधू त्याला अडचणीचा वाटू लागला. बेने इस्रायलांचे ज्यूपण शुद्ध आहे काय, अशी शंका उघड बोलली जाऊ लागली. या वादात अबाजी हे नाव विरुद्ध बाजूचा पुरावा ठरत होते, आणि अब्राहम हे नाव उत्तर होते. खेदाची गोष्ट अशी, की बाहेरून आलेला हा कुळीचा निकष समाजाच्या आतही जुनाच होता. मिश्र विवाहाची संतती समजल्या जाणाऱ्यांना 'काळे' म्हणून वेगळे ठेवणारे 'गोरे' इस्रायल कोकणातही होते. ही जातिव्यवस्थेची देणगी उत्कर्षाच्या काळातही पुष्कळ दिवस शिल्लक राहिली.

याच सुमारास फौजेची वाट अरुंद झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याची रचना जातवार करण्यात आली. स्वतंत्र कंपनी भरण्याइतकी संख्या नसल्याने बेने इस्रायलांना तेथे जागा उरली नाही. सुभेदारांची मुले कारकून झाली : रेल्वेत, टपाल-तारेत, जकातीत, सचिवालयात. पूर्वीची बढती शौर्याची व नोकरीच्या वर्षांची होती. आताची परीक्षांची होती. केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांची पिढी त्यानंतरची. डॉ. जेरुशा झिराड, डॉ. अब्राहम एरुळकर, १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस ही त्यातील ठळक नावे. शेवटच्या नावात ग्रामनाम गळून पडून पित्याचे नावच इंग्रजी पद्धतीने आडनाव झालेले दिसते. इंग्रजीतून काव्यलेखन करणारे निस्सिम एझिकेल यांचेही तसेच. झिराड-एरुळकरांनी गाव राखले. मोझेस-एझिकेलांनी पिता राखला. यात नियम शोधू नये. एकाच घरातील भाऊही दोन प्रकारे लिहीत.

व्यक्तिनामे अशी इंग्रजीच्या दिशेने जात असता समाजाची मराठी मात्र उणावली नाही, उलट तिला पहिल्यांदाच ग्रंथ लाभले. वल्हांडणाच्या विधीचा हिब्रू-मराठी 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाला. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यांत आहेत. डेव्हिड ससून यांच्या संस्थेचे मुख्याध्यापक व मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली, आणि ती छापील, ग्रांथिक मराठीत केली. १८८० च्या सुमारास तर या समाजात कीर्तने सुरू झाली : आख्यान अब्राहमाचे किंवा योसेफाचे, पण बाज हरिदासी. ज्या पिढीने अबाजी हे नाव टाकले त्याच पिढीने साकी-दिंडीत तोरा सांगितली. जुन्या खेडवळ सात्मीकरणात मराठी ही नुसती बोली होती. तिच्यात निवड नव्हती. ही नवी मराठी शिकलेल्यांनी जाणूनबुजून घेतलेली होती, आणि तिचा आदर्श पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वर्ग होता.

धार्मिक परिभाषेतही याच काळात फेरफार झाले, आणि ते कोठे झाले हे पाहण्यासारखे आहे. संस्थेचे शब्द आधी गेले. मशिदीचे सिनेगॉग झाले, काजीचे महत्त्व हझ्झानकडे गेले. सणांची ग्रांथिक हिब्रू नावे प्रार्थनापुस्तकांतून आली, पण घरातली जुनी नावे वयस्क स्त्रियांच्या तोंडी पुष्कळ काळ राहिली. खाद्यपदार्थ तर हललेच नाहीत. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, नारळ, साखर व फळे यांचा 'मलिदा' करण्याचा विधी आजही चालू आहे. शब्द मूळचा फारसी, पदार्थ कोकणचा, आणि ज्याच्या नावाने करावयाचा तो संदेष्टा बायबलमधला. अलिबागजवळ खंडाळे येथे या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखविली जाते. ज्या शब्दांना ग्रंथात पर्याय मिळाला ते बदलले. ज्यांना नव्हता ते राहिले. उत्कर्षाने भाषेचा वरचा, दाखविण्याचा थर बदलला.

१९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग टप्प्याटप्प्याने इस्रायलमध्ये गेला, आणि श्रोता पुन्हा बदलला. तेथे अब्राहम किंवा मोझेस या नावांनी काहीच सिद्ध होत नव्हते, कारण ती सर्वांचीच होती. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करून धरणे धरले, व त्यांना भारतात परत पाठविण्यात आले. १९६१ नंतर मुख्य धर्मपीठाने या समाजाच्या विवाहांपूर्वी मातृपक्षाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी असा निर्देश दिला, तेव्हा मुंबईत बगदाद्यांनी काढलेली शंकाच अधिकारवाणीने पुढे आली. या निर्देशाविरुद्ध निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत असे जाहीर केले, आणि धर्मपीठाने आपला निर्देश बदलला. शतकभर नावांनी जो दावा केला होता तो नावांनी नव्हे, राजकीय ठरावाने मान्य झाला.

तेथे जन्मलेल्या मुलांची नावे हिब्रू उच्चाराची असतात. एझिकेलचा येहेझकेल झाला की हसाजीतला 'ह' परत येतो, अर्थात कोणाला त्याची आठवण असो वा नसो. '-कर' मात्र बहुतेकांनी ठेविला. मुंबईत ज्या प्रत्ययाने हा समाज चारचौघांत मिसळून गेला, त्याच प्रत्ययावरून लोदला, अश्दोदला किंवा दिमोनाला तो चटकन ओळखू येतो. तेथे निघालेल्या मराठी नियतकालिकाचे नाव 'मायबोली' होते.